तिसऱ्या खुर्चीवरची थेलॉन

"आता हे कुणाला पटायचं नाही," शशिधरराव म्हणाले, "पण त्या नदीकाठी एक खार राहते. हिवाळ्यात तिचं अंग बर्फापेक्षा थंड होतं. शून्याच्या खाली! आणि तरी तिचं रक्त गोठत नाही. सात-आठ महिने बिळात मेल्यासारखी पडून राहते आणि मग एक दिवस उठून आळस देते, जशी काही जेवून जरा लवंडली होती."

चौथ्या खुर्चीवरच्या माणसाने मान वळवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. फक्त मानच वळवली, कारण डाव्या हातात दोन जाड सुया होत्या आणि त्यांतून निघालेल्या नळ्या शेजारच्या मशीनला जोडलेल्या होत्या.

"थापा मारताय," तो म्हणाला.

"देवाशपथ."

"देव माझ्याकडे साक्षीला चालत नाही. पुरावा द्या."

शशिधररावांना बरं वाटलं. तीन महिने नुसता छताकडे बघणारा माणूस बोलला तरी होता.

लेस्टरच्या एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला ती खोली होती. बारा खुर्च्या, बारा मशिनं आणि भिंतीवर एक टीव्ही. त्यावर सकाळपासून लोक माळ्यावरच्या जुन्या किटल्या लिलावाला नेत. ज्यांच्या किडन्यांनी राजीनामा दिला होता अशी माणसं आठवड्यातून तीनदा इथे यायची, आणि चार-चार तास आपलं रक्त मशीनमध्ये फिरायला पाठवायची. रक्त धुऊन, गाळून, ताजंतवानं परत यायचं. माणूस मात्र पिळून दोरीवर टाकलेल्या बनियनसारखा घरी जायचा.

शशिधररावांना ही नोकरी लागून सात वर्षं झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेसात, तिसरी खुर्ची. त्याआधीची एकतीस वर्षं त्यांनी इथल्याच होजिअरीच्या कारखान्यात निटिंग मशिनं दुरुस्त करण्यात घालवली होती, तेव्हा मशीनशेजारी बसणं त्यांच्या कुंडलीतच होतं म्हणा. वय चौऱ्याहत्तर. गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर त्यांच्या लोणकढी थापा तिथल्या फरसाणाइतक्याच खपत. एकदा म्हणे त्यांनी इतका तलम स्वेटर विणला, की गिऱ्हाइकाने रिकामा खोका आला म्हणून तक्रार केली. मॅनेजर येऊन खोक्यात हात घालून बघतो, तर हात उबदार!

चौथ्या खुर्चीवरचे सुभाषराव अगदी उलट. कॉव्हेंट्रीत सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर मुलीच्या जवळ म्हणून लेस्टरला आले आणि आल्या आल्या किडन्या गेल्या. बाबासाहेबांच्या फोटोखेरीज कशापुढे मान झुकवायची नाही, आणि तपासून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं. चार तास बसलंच पाहिजे हेसुद्धा त्यांना कुणी पटवून दिलेलं नव्हतं. दोन-अडीच तास झाले की ते मोकळा हात वर करायचे.

"सिस्टर, फॉर्म."

तो फॉर्म म्हणजे एका पानाचा कागद. मी माझ्या जबाबदारीवर, तुमच्या सल्ल्याविरुद्ध, वेळेआधी उतरतो आहे. खाली सही. सिस्टर ऋचा तो आणायची, डोळे मिटून एक सुस्कारा सोडायची आणि सुया काढायची.

खारीची गोष्ट शशिधररावांना सुचली ती काही गंमत म्हणून नव्हे. आदल्या शनिवारी बाहेरच्या बाकावर सुभाषरावांच्या बायकोने, चंदाबाईंनी, त्यांना गाठलं होतं. हातात नवऱ्याचा कोट, पायात बर्फातले बूट.

"भाऊ, तुमच्याशी बोलायचं होतं. मागल्या महिन्यात यांच्या छातीत पाणी भरलं. अॅम्ब्युलन्समध्ये निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, अशी अर्धी-अर्धी डायलिसिस करत राहिले तर पुढच्या खेपेला आम्ही काही करू शकणार नाही. मी सांगून दमले, पोरगी रडून दमली. तुम्ही शेजारी बसता."

"मी काय करू, वहिनी?"

"तुम्ही खोटं फार छान बोलता असं सगळे म्हणतात," चंदाबाई अगदी सरळपणे म्हणाल्या. "बोला काहीही. पण त्यांना चार तास बसवा."

एवढी स्वच्छ ऑर्डर शशिधररावांना आयुष्यात कुणी दिली नव्हती.

त्या मंगळवारी खारीवरून वाद घालता घालता सुभाषराव तीन तास बसले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि हात वर गेला. पण गुरुवारी आले ते सकाळीच तोंड पाडून.

"लायब्ररीत गेलो होतो," सुया टोचून झाल्यावर ते म्हणाले. "खारीचं खरं आहे. उणे दोन-तीन डिग्री."

"मग?"

"मग काही नाही. एखादं खरं कुणाचंही निघतं. तुम्ही ती खार कुठे बघितलीत?"

"थेलॉन नदीवर. कॅनडाच्या उत्तरेला. मी तिथे सर्व्हेवाल्या लोकांचा स्वयंपाकी म्हणून गेलो होतो. अडुसष्ट साली."

"अडुसष्ट साली तुम्ही बेलग्रेव्ह रोडला भाड्याच्या खोलीत राहत होतात. माझा साडू तुमच्या वरच्या मजल्यावर होता."

"तुमच्या साडूला मी कधी दिसलो का?"

सुभाषरावांनी नाकातून हवा सोडली. ऋचा नळ्या तपासत होती, ती हसली. ती लेस्टरमध्येच जन्मलेली. तिचं मराठी आजीकडून आलेलं, मधे मधे सांडलेलं. "काका, हा गोष्ट खरा आहे का? Because खरं असेल तर मला पण ऐकायचंय."

"हे बघा सुभाषराव," शशिधरराव म्हणाले. "माझ्याबद्दल मी जे सांगेन ते मीठ समजा. मीठ आपल्या जेवणात बंद आहे, गोष्टीत नाही. पण नदी, तिचं पाणी, तिथली जनावरं, यांत मी खोटं बोलणार नाही. एक जरी खोटं पकडलंत, तरी तुम्ही मोकळे. मी स्वतः वहिनींना सांगेन, की बाई, यांना सोड, यांना वाटेल तेव्हा उतरू दे. पण पकडेपर्यंत चार तास बसायचं."

सुभाषराव विचारात पडले. सव्वीस वर्षं त्यांनी बसमध्ये चुकीचं तिकीट दाखवणाऱ्यांना आरशातून ओळखलं होतं.

"आठवड्यात पकडीन," ते म्हणाले.

आता आतली गोष्ट सांगायला हरकत नाही. शशिधरराव थेलॉनवर कधी गेले नव्हते. ते स्कॉटलंडलाही गेले नव्हते. पंचवीस-एक वर्षांपूर्वी कारखान्यात नमुन्यासाठी एक पिशवीभर लोकर आली होती. कस्तुरी-बैल नावाच्या कुठल्या जनावराची. मशीनवर चढवायच्या आधी त्यांनी ती ओंजळीत घेतली, आणि ओंजळीत काही आहे असं वाटेना, नुसती ऊब. पिशवीच्या चिठ्ठीवर त्या नदीचं नाव होतं. तेवढ्यावरून लागलेलं वेड. कारखाना बंद पडला, बायको गेली, किडन्या गेल्या, तरी लायब्ररीतलं भूगोलाचं कपाट जागेवर होतं. त्या एका नदीबद्दल जे जे छापलेलं मिळालं ते त्यांनी वाचलं होतं. जन्मभर थापा मारलेल्या माणसाजवळ खरं म्हणून जपून ठेवलेला तेवढा एकच ऐवज होता, आणि गंमत अशी, की तोच सगळ्यांत खोटा वाटायचा.

म्हणजे बघा. नोव्हेंबरात त्यांनी सांगितलं, की तिथल्या रेनडिअरांचा कळप चालत येतो तेव्हा आधी आवाज येतो, कट् कट् कट्, जशा हजारो बायका एकदम बोटं मोडतायत.

"खुरांचा आवाज," सुभाषराव म्हणाले.

"खुरांचा नाही. पायाच्या आतला. शीर हाडावरून सरकते, त्याचा."

"खोटं."

"उतरायचं असेल तर सिद्ध करा."

सोमवारी सुभाषराव लायब्ररीत. मंगळवारी तोंड पाडून खुर्चीत.

मग राजहंसाएवढ्या बदकांची गोष्ट आली, जी जुलैत सगळी पिसं टाकून देतात आणि महिनाभर उडूच शकत नाहीत. नदीकाठच्या वाळूवर शेकड्यांनी पळत सुटतात, बस चुकलेल्या लोकांसारखी. सुभाषराव म्हणाले, पक्षी उडत नाहीत हे कसं शक्य आहे, लांडगे खाऊन टाकतील. शशिधरराव म्हणाले, खातात. तेही खरं निघालं. फक्त पुस्तकात बदकं राजहंसाएवढी नव्हती.

"हे खोटं!" सुभाषराव ओरडले. "आकार!"

"आकार मीठ आहे."

"मिठाची व्याख्या ठरवा आधी!"

शेवटी ऋचाला पंच नेमलं. ती म्हणाली, "आकार means exaggeration, काका. ते चालतो." आणि सुभाषराव पडले पुन्हा चार तास.

त्यांनी नदीचा नकाशा बनवला तो असाच चिडून. बसच्या रूटसारखा. लायब्ररीतला मोठा अॅटलास उघडून एका लांब कागदावर उभी रेघ मारली आणि तिच्यावर स्टॉप टाकले. वर व्हाइटफिश तळं, तिथून सुटायचं. मग लिंक्स तळं. मग हॅनबरी नदी येऊन मिळते ते जंक्शन. शशिधरराव गोष्टीत पुढचा स्टॉप सोडून गेले की सुभाषराव टोकायचे. मागे येऊन पॅसेंजर घ्या. हळूहळू आजूबाजूच्या खुर्च्याही ऐकू लागल्या. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना ऋचा जाता-येता दोन वाक्यं सांगायची. पाचव्या खुर्चीवरच्या पंजाबी आजोबांनी एकदा तक्रार केली, की इथे सगळ्यांना दिवसाला जेमतेम तीन कप पाणी, आणि हा माणूस नदी सांगतो, याला लाज नाही का?

"आहे ना," शशिधरराव म्हणाले. "पण ते पाणी वर्षातले आठ महिने दगड असतं. तुम्ही दगड ऐकताय असं समजा."

जानेवारी अशीच गेली. जमीन जिथे सदाकदा गोठलेली, जिथे झाडांची हद्द दोनशे मैल मागे संपली, तिथे त्या एका नदीच्या काठाने स्प्रूसची झाडं मुकाट उभी आहेत, हे सांगून झालं. तीनशे वर्षांचं झाड मनगटाएवढं जाड, हे सांगताना मनगट हे मीठ असल्याचं त्यांनी आधीच कबूल केलं. कस्तुरी-बैल हा बैल नसून नात्याने शेळीच्या जवळचा, हे सांगून झालं. सुभाषराव त्याच्यावर दोन आठवडे बसले आणि हरले. लांडगे आले की ही जनावरं पळत नाहीत. पिल्लांना मधे घेऊन शिंगं बाहेर करून गोल उभी राहतात, तासन्‌तास, पुतळ्यासारखी.

"पळत का नाहीत?" सुभाषरावांनी विचारलं होतं. त्यात पकडायचा सूर नव्हता.

"पळाली तर मरतात."



फेब्रुवारीत चंदाबाईंनी बाहेरच्या बाकावर शशिधररावांच्या हातात एक डबा ठेवला. दोनदा उकळून पाणी फेकलेल्या बटाट्याची भाजी, बिनमिठाची. दोघांच्या पथ्यात बसेल अशी. "मागच्या तीन महिन्यांत एकदाही लवकर उतरले नाहीत," त्या म्हणाल्या. "श्वास लागत नाही आता. झोपतात. रात्री झोपेत नदीची नावं घेतात, भाऊ." आणि डोळ्यांना पदर लावायचा तर स्कार्फ लावला.

शशिधररावांनी भाजी नेली. खाल्ली नाही. घरी जाऊन कोटासकट पलंगावर पडले ते संध्याकाळी उठले.

कारण खरं सांगायचं तर ते दमले होते. सुभाषरावांच्या छातीतलं पाणी जसं ओसरत गेलं तसं यांच्यातलं काहीतरी ओसरत चाललं होतं. चार तास बोलायचं म्हणजे काही खेळ नव्हे. घसा कोरडा, आणि ओला करायला फक्त एक बर्फाचा खडा, तोही मोजलेला. तिसऱ्या तासाला बीपी खाली यायचं, खोलीच्या कडा काळ्या व्हायच्या, ऋचा येऊन खुर्ची मागे कलती करायची आणि ते छताकडे बघत जिथे होते तिथून पुढे बोलू लागायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे. घरी परतताना ड्रायव्हर विचारायचा, ऑल राइट? ते म्हणायचे, ऑल राइट. एवढी एक थाप त्यांना अलीकडे सगळ्यांत जड जायची.

सात वर्षांत त्यांनी तो फॉर्म कधी मागितला नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण एकदा सही केली की दुसऱ्या वेळी पेन आपोआप हातात येतं, हे त्यांनी इतरांचं पाहिलं होतं. तीन तास, मग अडीच, मग एखादा शनिवार बुडतो, मग खुर्चीवर नवा माणूस. सुभाषरावांच्या आधीचा चौथ्या खुर्चीवरचा माणूसही असाच गेला होता. चादर बदलली होती.

मार्चमधल्या त्या गुरुवारी सकाळी बाहेर गारांचा पाऊस होता. वजनकाट्यावर ऋचाने आकडा बघितला आणि भुवया वर केल्या.

"काका, तुमचा वजन साडेतीन किलो वर आहे. काय पिला तुम्ही?"

"थेलॉन."

"I'm serious, काका. आज खूप पाणी काढायला लागेल. Cramps येतील. बीपी पण already लो आहे."

"काढ बाई. तुझंच आहे."

पाणी खरं म्हणजे त्यांनी बुधवारी प्यायलं होतं. स्वयंपाकघरात नळापाशी उभं राहून, ग्लास न घेता, लहान मुलासारखं. का थांबायचं ते त्यांना त्या क्षणी आठवलं नव्हतं.

पहिला तास बरा गेला. सुभाषराव आले, "जय भीम" म्हणाले, सुया टोचून घेतल्या, चष्मा लावला, कागद मांडीवर पसरला. बोट नदीच्या मध्यावर.

"आपण लुकआउट पॉइंटच्या पुढे आलोय. निघा."

शशिधरराव निघाले. त्यांनी ग्रेलिंग मासा सांगितला, ज्याच्या पाठीवरचं पर शिडासारखं उभं राहतं आणि उन्हात जांभळं दिसतं. जूनमधली ती रात्र सांगितली, जी रात्र म्हणायच्या लायकीची नसते. सूर्य दोन-तीन तास खाली जाऊन येतो, पण अंधार काही करायला धजत नाही. सुभाषराव म्हणाले, मध्यरात्रीचा सूर्य म्हणाला असतात तर पकडलं असतं, ती नदी उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. शशिधरराव म्हणाले, म्हणून तर म्हणालो नाही. कड्यावरच्या ससाण्यांची घरटी सांगितली. त्यांच्याखाली बर्फ फुटायचा तो आवाज सांगितला, जूनच्या मध्याला, जेव्हा आठ महिन्यांचा दगड एकदम आठवण झाल्यासारखा पाणी होतो.

दुसऱ्या तासाच्या शेवटी उजव्या पोटरीत पहिला गोळा आला. ऋचाने पाय दाबून धरला. मग डाव्या पोटरीत. खोलीच्या कडा काळ्या झाल्या, परत आल्या. टीव्हीवर कुणाची तरी किटली विकली गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबायचं का?" सुभाषरावांनी विचारलं.

"छे. कुठे होतो?"

"बेव्हर्ली तळ्याच्या अलीकडे."

त्यांनी पलीकडे पाहिलं. सुभाषराव डोळे मिटून होते. चष्मा नाकावर घसरलेला, छाती सरळ, एका लयीत वर-खाली होत होती. तोंडावर ते जुनं निळेपण नव्हतं. शशिधररावांना एकाएकी वाटलं, की याचं काम झालं. याला आता बसायची सवय लागली. लायब्ररीत जायचंही याने महिनाभरात सोडलंय. गोष्ट नसली तरी हा बसेल. आणि आपण कशासाठी सांगतोय? अजून दीड तास. त्यानंतर शनिवार. त्यानंतर मंगळवार. नदी लांबच लांब, आणि आपण पहिल्यापासून एकाच खुर्चीत.

त्यांनी मोकळा हात वर केला. आपलाच हात त्यांना कुणा दुसऱ्याचा वाटला.

"ऋचा. फॉर्म आण."

ऋचा जागच्या जागी उभी राहिली. "तुम्ही? काका, तुम्ही कधी..."

"आज मी. आण."

"अजून दीड तास आहे. तुमच्यात अजून दोन किलो पाणी आहे. घरी गेलात की श्वास लागेल."

"ते माझं मी बघीन. सही करतो ना. आण."

ती टेबलाकडे गेली. हळू गेली, खण उघडताना तिची पाठ बराच वेळ वाकलेली राहिली. शशिधररावांनी तेवढ्यात गोष्ट आवरायला घेतली. पाहुण्याला दारापर्यंत तरी पोचवावं, ही रीत. पायातला गोळा अजून जागा होता, म्हणून ते दातांमधून बोलत होते.

"तर मग नदी बेव्हर्ली तळ्यात शिरली. मोठं तळं. पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी थंड, स्वच्छ, आणि शांत. इतकी लांबून धडपडत आलेली नदी, ती तिथे पोचली आणि स्वस्थ झाली. वाळूत मुरली. तिथेच संपली. पुढे काही नाही."

ते सांगताना त्यांना स्वतःलाच ते इतकं खरं वाटलं, की डोळे मिटले. पुढे काही नाही. किती सोपं वाक्य होतं. आजवर त्यांनी इतकी गुळगुळीत थाप मारली नव्हती.

ऋचा आली. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. पेन पुढे केलं, पण सोडलं नाही. दोघांच्या बोटांत ते तसंच राहिलं.

"काका, please."

"दे ग."

तिने पेन सोडलं. शशिधररावांनी कागद जवळ ओढला. अक्षरं तरंगत होती. सहीची रेघ कुठे आहे ते शोधायला त्यांना वेळ लागला. त्यांनी पेनाचं टोक रेघेवर टेकवलं.

"खोटं!"

बाराही खुर्च्यांवरची डोकी वळली. चौथ्या खुर्चीवर सुभाषराव उठून ताठ बसले होते, नळ्या ताणल्या गेल्यामुळे त्यांचं मशीन ठणाणा वाजायला लागलं होतं, ऋचा "हात, हात, हात सरळ!" म्हणत धावली होती, आणि ते तिच्या खांद्यावरून, लाल तोंडाने, मुठीत चुरगळलेला लांब कागद शशिधररावांपुढे नाचवत ओरडत होते.

"साफ खोटं! नदी वाळूत मुरली म्हणे! बेव्हर्लीत नदी संपत नाही, शशिधरराव. बेव्हर्लीनंतर अॅबर्डीन आहे. अॅबर्डीननंतर शुल्ट्झ. शुल्ट्झनंतर बेकर तळं, आणि तिथूनही समुद्र दोनशे मैल राहतो, दोनशे! हे मीठ नाही, ही नदी आहे. मी पकडलंय तुम्हाला, सगळ्यांसमोर पकडलंय. ते पेन खाली ठेवा आणि अॅबर्डीन सांगा!"